डायलिसिसचं पथ्य: आधी अण्णांचं फुलपात्र मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील, म्हणजे अण्णा, ६२ वर्षांचे, जुना मधुमेह, गावी राहतात. दीड वर्षापासून डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी. ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, ५६ किलो, पण दर खेपेला चार-साडेचार किलो वाढवून येतात. लघवी दिवसाला जेमतेम एक कप. पोटॅशियम ५.९, फॉस्फरस ७.८. माळकरी आहेत, एकादशी सोडत नाहीत. डॉक्टर रागावतात, आई रडते, अण्णा म्हणतात मी सगळं पाळतो. मुलाने विचारलंय की बाकीचे पेशंट पथ्य पाळतात का, आम्ही नेमकं काय करायचं, आणि आंबा कायमचाच बंद का?

मी आहारतज्ज्ञ आहे. सतरा वर्षं डायलिसिसच्या खुर्च्यांमध्ये स्टूल ओढून बसते आहे. पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की सगळं पाळणारा पेशंट मला अजून भेटायचा आहे. कुणी पाणी सांभाळतो पण गोळ्या विसरतो. कुणी गोळ्या घड्याळ लावून घेतो आणि रात्री फरसाणाचा डबा उघडतो.

शिवाय 'पाळतो' म्हणजे काय, यावरच एकमत नाही. 'डॉप्स' नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत न पाळण्याच्या खुणा ठरवल्या होत्या: महिन्यात एक तरी डायलिसिस चुकवणं, दहा मिनिटं किंवा त्याहून आधी उठून जाणं, पोटॅशियम ६ च्या वर, फॉस्फरस ७.५ च्या वर, आणि दोन डायलिसिसमधली वजनवाढ शरीराच्या वजनाच्या ५.७ टक्क्यांहून जास्त. या फूटपट्टीने अण्णा वजनात नापास (साडेचार किलो म्हणजे ८ टक्के), फॉस्फरसमध्ये नापास, पोटॅशियममध्ये काठावर पास. पण हे आकडे परिणाम सांगतात, माणसाने घरी काय केलं ते सांगत नाहीत. माझ्याकडे एक बाई होत्या, फॉस्फरस कायम चारच्या आत, वजनवाढ दीड किलो. सगळे त्यांचं उदाहरण द्यायचे. मी जेवणाची चौकशी केली तेव्हा कळलं, दिवसभरात दीड भाकरी आणि चहा. अंगावरचं मांस झडत होतं, तेवढ्याच वजनाचं पाणी त्याची जागा घेत होतं, आणि ड्राय वेट कुणी नव्याने ठरवलंच नव्हतं. कागदावर आदर्श पेशंट, प्रत्यक्षात उपासमार. त्यामुळे रिपोर्ट बघून कुणाला शाबासकी द्यायची किंवा झापायचं हे मी कधीच सोडलं.

अण्णा खोटं बोलतात असं आधी धरू नका. एक आजोबा मला शपथेवर सांगायचे, 'ताई, दिवसाला चारच फुलपात्रं पितो.' मी त्यांना ते फुलपात्र घेऊन यायला सांगितलं. पुढच्या खेपेला सुनेने पिशवीतून काढलं, चांगलं जाड पितळेचं, पोट सुटलेलं. केंद्रातली खुणांची रिकामी सलाइनची बाटली घेतली आणि मोजलं. काठोकाठ ३१० मिली. चार म्हणजे १,२४० झाले. मग दोन चहा, प्रत्येकी १२०. आमटीच्या दोन वाट्या, ३०० धरा. ताक १५०. आणि दिवसभराच्या गोळ्यांबरोबरचे घोट, २०० तरी. बेरीज २,१३०. आजोबा एका शब्दाने खोटं बोलले नव्हते. त्यांच्या हिशेबात 'पाणी' म्हणजे पाणी, आमटी म्हणजे जेवण. बेरीज ऐकून सून जोरात हसली, आजोबा मात्र फुलपात्राकडे असे बघत राहिले, जणू त्यानेच दगा दिला.

तर पहिलं काम हेच. घरातलं फुलपात्र, चहाचा कप, आमटीची वाटी, तिन्ही एकदा मोजा. मग सकाळी एका बाटलीत दिवसाचा कोटा भरून ठेवा. साधारण नियम असा की आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं, अधिक अर्धा लिटर. उन्हाळ्यात घाम जास्त असेल तर तुमचे डॉक्टर थोडं वाढवतील. अण्णांसाठी हे सगळं मिळून पाऊण लिटरच्या आसपास येईल. चहा प्यायला की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. बाटली संपली की दिवस संपला. बर्फ, कलिंगड, आइस्क्रीम, पातळ पेज ही सगळी बाटलीतूनच वजा.

पण एवढ्याने भागत नाही, कारण तहान ही काही इच्छाशक्तीची परीक्षा नव्हे. तहान मीठ लावतं. शरीर रक्तातला खारटपणा ठरावीक ठेवतं, आणि त्या हिशेबाने साधारण आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं की ते एक लिटर पाणी मागून घेतंच. मूत्रपिंड ते बाहेर टाकत नाही, म्हणून ते अंगात बसतं. पेशंटला मीठ भरपूर देऊन 'पाणी कमी प्या' म्हणणं म्हणजे माणसाला उन्हात उभं करून घाम पुसू नको म्हणण्यासारखं आहे.

आपण घरी किती मीठ खातो हे विचारलं की सगळे 'बेताचंच' म्हणतात. म्हणून मी वेगळं विचारते: एक किलोची मिठाची पिशवी किती दिवस जाते? पाच माणसांच्या घरात अठरा दिवसांत संपली, तर माणशी दिवसाला अकरा ग्रॅम झालं. पापड, लोणचं, खारी, शेव यांतलं मीठ त्यात धरलेलंच नाही. अण्णांना पाच ग्रॅमच्या आसपास आणायचंय, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, चोवीस तासांचा, सगळं मिळून.

आपलं पानच मुळात मिठापासून वाढायला सुरू होतं, त्यामुळे ही सवय मोडायला त्रास होतो. कुठून सुरुवात करायची ते सांगते. भाकरी अळणी करा, कोरड्यासबरोबर खाताना कुणाला कळतही नाही. भातात मीठ नको. पानातलं वरचं मीठ, लोणचं आणि पापड बंद. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो, आणि तोही सोडियमच. भाजी-आमटीत घरच्या सगळ्यांसाठीच निम्मं मीठ टाका, ज्याला हवं त्याने आपल्या पानात वरून घ्यावं, म्हणजे आईला दोन पातेली चढवावी लागणार नाहीत. दोन पातेल्यांचं पथ्य कुठल्याही घरात महिनाभराच्या वर टिकत नाही, हे मी अनुभवाने सांगते. चव यायला लसूण, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, लिंबाचे चार थेंब. जिभेला दोन-तीन आठवडे त्रास होतो, मग तीच बाहेरचं खारट म्हणून नाक मुरडते.

सैंधवाने काही साधत नाही, तेही सोडियम क्लोराइडच आहे. आणि दुकानात 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून जे मिळतं ते तर घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाबाच्या इतर पेशंटला ते चालेल, अण्णांचं हृदय बंद पाडू शकेल.

तहानेचं दुसरं कारण साखर. रक्तातली साखर ३०० असेल तर मीठ कितीही कमी करा, घसा कोरडाच राहणार.

तिसरं कारण सहसा कुणी पेशंटला सांगत नाही, कारण ते आमच्या बाजूचं आहे. साडेचार किलो पाणी चार तासांत काढायचं म्हणजे किलोमागे तासाला २० मिली वेग होतो. १३ मिलीच्या पुढे गेलं की हृदयाला धोका वाढतो, असं मोठ्या पाहण्यांत दिसलंय. अण्णांच्या वजनाला १३ च्या हिशेबाने चार तासांत जेमतेम २.९ लिटर निघतं. त्यापेक्षा ओढलं की शेवटच्या तासाला पोटऱ्यांत पेटके येतात, बीपी उतरतं, डोळ्यांसमोर अंधारी येते. मग आम्ही काय करतो? शंभर-दोनशे मिली सलाइन सोडतो. म्हणजे मीठच. कधी मशीनच्या पाण्यातलं सोडियमही चढं लावलेलं असतं, बीपी पडू नये म्हणून. पेशंट घरी जातो तो तहान घेऊनच जातो, रात्रभर पाणी पितो, पुढच्या खेपेला पुन्हा साडेचार किलो, पुन्हा पेटके. या चक्राला एकटे अण्णा जबाबदार नाहीत. सेशनच्या आधी टेक्निशियनला सरळ विचारा की मशीनचं सोडियम किती ठेवलंय, आणि ते रक्तातल्या सोडियमच्या जवळ आणता येईल का, डायलिसिसचं पाणी थोडं थंड ठेवता येईल का. हे प्रश्न विचारले म्हणून कुणी रागावत नाही, आणि रागावलं तरी विचारा.

आणखी एक. जगभर हिमोडायलिसिसचा रिवाज आठवड्याला तीनदा, चार-चार तासांचा आहे. आपल्याकडे बरेच जण पैशांमुळे, एसटीच्या वेळांमुळे, सोबतीला माणूस नसल्यामुळे दोनदा करतात. ज्यांना लघवी चांगली होते त्यांना एक वेळ ते पुरतं. अण्णांना दिवसाला एक कप होते, आणि गुरुवार ते सोमवार चार दिवसांचा खंड पडतो. तिथे पथ्याची कितीही शिकस्त केली तरी तिसऱ्या डायलिसिसची भरपाई पथ्याने होत नाही. डॉक्टरांशी हे बोला. महात्मा जोतिराव फुले योजनेत किंवा केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमात, जो २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतून चालतो, तिसरी खेप कशी बसेल ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी करा. मी हे आधी सांगायला हवं होतं खरं तर.

आता पोटॅशियम. पेशंटच्या हातात देतात त्या यादीत चाळीस पदार्थ बंद असतात. चाळीस गोष्टी कुणी पाळत नाही, म्हणून मी चार-पाचच सांगते, पण त्या ठाम. शहाळ्याचं पाणी बंद, कुणी कितीही 'किडनीला चांगलं' म्हणालं तरी. एका ग्लासात ५०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं, शिवाय ते पाणीच. फळांचे रस, उसाचा रस, भाज्यांचं सूप बंद. वर सांगितलेलं ते 'कमी सोडियमचं मीठ' बंद. सुका मेवा बंद. आणि कमरख. कोकणात, गोव्याकडे त्याला करंबळ म्हणतात. पोर्तुगीजांनी 'करांबोला' हा शब्द मराठीतूनच उचलला म्हणतात. पाहुण्यांकडे गेल्यावर कुणी मीठ-तिखट लावून पुढे करतं. त्यात एक विष आहे, जे निरोगी माणसाचं मूत्रपिंड बाहेर टाकतं. डायलिसिसच्या पेशंटला एखाद्या फळानेही न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येऊ शकतात, माणसं दगावलीही आहेत. इथे 'थोडंसं' चालत नाही.

बाकी भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवा, मग भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या. बटाटासुद्धा असा अधूनमधून चालतो. शौचाला साफ होतंय ना ते बघा. मूत्रपिंड बंद असताना थोडं पोटॅशियम आतड्यातून जातं, आणि बद्धकोष्ठ झालं की तेही अडतं. पाणी कमी पिणाऱ्या माणसाला ते होतंच, पण कुणी विचारत नाही, आणि पेशंट लाजतो.

एकादशी मोडायला मी सांगणार नाही. सांगूनही ती मोडत नाहीत, मग फक्त मला सांगायचं बंद करतात. गंमत अशी की साबुदाणा आणि वरी यांत पोटॅशियम फार कमी असतं. घोळ होतो तो दाण्याच्या कुटाने, बटाट्याने, रताळ्याने, राजगिऱ्याने. तेव्हा वरीचा भात, जिऱ्याची फोडणी, सोबत थोडं दही, कूट नावापुरता. साबुदाणा घेतलाच तर वाटीभर, कारण साखर चढते. निर्जळी मात्र नको. पूर्ण उपाशी राहिल्यानेही या पेशंटचं पोटॅशियम वाढतं, आणि इन्सुलिन घेतलेलं असलं तर साखर उतरते. साखर उतरली तर फळाचा रस देऊ नका, तीन चमचे साखर थोड्याशा पाण्यात द्या.

आता ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त चीड येते ती. डायलिसिस सुरू होण्याआधी पेशंटला सांगतात, डाळ कमी, प्रथिनं कमी. तो कागद घरात स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटतो. डायलिसिस सुरू झाल्यावर गणित उलटतं, कारण आता किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, अण्णांना रोजची ५६ ते ६७ ग्रॅम. पण जुना कागद रद्द झाला हे कुणी घरी सांगतच नाही. पेशंट इमानाने तेच पाळत राहतो आणि सुकत जातो. तुमच्याकडे तो कागद असेल तर त्याच्यावरची तारीख बघा आणि आजच काढून टाका. अंड्याचा पांढरा भाग सर्वांत सोयीचा असतो, पण माळकरी घरात तो विषय नाही. मग पनीर, घट्ट दही, मूग-तुरीचं घट्ट वरण, सोयाबीनच्या वड्या भिजवून पिळून, रोज दोन्ही जेवणांत काहीतरी.

यावर लोक म्हणतात, मग फॉस्फरस वाढेल. वाढेल थोडा. पण डाळींतला फॉस्फरस शरीर पुरता शोषत नाही, निम्म्याच्या आसपासच. कोलासारखी काळी पेयं, प्रोसेस्ड चीज, पाकिटातले टिकाऊ पदार्थ यांत वरून घातलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा रक्तात जातो. डाळ ठेवा, पाकिटं काढा.

उरलेल्या फॉस्फरससाठी गोळ्या आहेत, आणि घोळ सर्वांत जास्त इथेच होतो. अमेरिकेतल्या २००९ च्या एका अभ्यासात डायलिसिसच्या पेशंटच्या रोजच्या गोळ्या मोजल्या होत्या. निम्म्या लोकांना १९ किंवा त्याहून जास्त, आणि त्यांतल्या जवळपास अर्ध्या फॉस्फरसच्याच. इतक्या गोळ्या कोण कशाला नीट घेईल? पण अण्णा कदाचित घेत असतील. सेव्हेलामर असो की कॅल्शियम, ही गोळी अन्नातला फॉस्फरस आतड्यातच धरून ठेवते. म्हणजे घासाबरोबरच घ्यायची. मी पाहते ते असं: सकाळी आठला चहाबरोबर सगळ्या गोळ्या एका मुठीत, आणि जेवण एक वाजता. किंवा कॅल्शियमची गोळी 'हाडांची' म्हणून रात्री झोपताना दुधाबरोबर. पाकिटं वेळेवर संपतात, फॉस्फरस जागचा हलत नाही, डॉक्टर डोस वाढवतात. त्यावर माझा उपाय अगदी साधा आहे. या गोळ्या औषधाच्या डब्यातून काढून पोळीच्या डब्याच्या झाकणावर ठेवायच्या. जेवायला बसलं की पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर. नुसत्या चहाला नको. बाहेर जेवायला जायचं तर सदऱ्याच्या खिशात दोन.

बीपीच्या गोळ्यांचं वेगळं. डायलिसिसच्या दिवशी सकाळी घ्यायच्या की नंतर, हे गोळीगणिक आणि माणसागणिक बदलतं. काही गोळ्या डायलिसिसमध्ये धुऊन निघतात, काही नाही. ज्याचं त्याने शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटला विचारून ठरवू नये, आणि ते सर्रास होतं. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक आणू नका, जो एक कप लघवी उरली आहे तीही जाईल. ती लघवी जपायची आहे.

घरात अण्णांवर पहारा ठेवताय का, हे मला तुमच्या पत्रातून कळलं नाही. ठेवत असाल तर सोडा. ज्यांच्या घरी पहारा असतो ते केंद्रातून परतताना स्टँडवर वडापाव खातात, आणि मला ते सोबतच्या पेशंटकडून कळतं. 'पथ्य पाळलं का?' हा प्रश्न निरुपयोगी, त्याचं उत्तर 'हो' एवढंच असतं. 'काल संध्याकाळी काय खाल्लं?' असं विचारा आणि ऐकून काहीही बोलू नका. तीन-चार दिवसांनी खरं बाहेर येतं. आणि झोप लागत नाही, कशातच रस नाही, 'आता काय राहिलंय' असं वरचेवर म्हणत असतील तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. मन खचलेला माणूस बाटली मोजत नाही.

हात-पाय एकाएकी लुळे वाटले, छातीत धडधड थांबेना, आडवं पडल्यावर धाप लागून उठून बसावं लागलं, तर सोमवारची वाट पाहू नका. रात्र असो की अमावस्या, ईसीजी आणि डायलिसिस दोन्हींची सोय असेल तिथे लगेच न्या.

सगळं एकदम बदलायला जाऊ नका. या आठवड्यात फुलपात्र मोजा आणि भाकरी अळणी करा. पुढच्या आठवड्यात फॉस्फरसच्या गोळ्यांची जागा बदला. मशीनचं सोडियम आणि तिसरी खेप यांचं बोलणं मात्र येत्या सोमवारीच करा, ते थांबण्यासारखं नाही.

आणि आंबा. पोटॅशियम ५.९ वर असताना नाही. पुढच्या दोन रिपोर्टमध्ये पोटॅशियम साडेपाचच्या खाली आलं आणि साखर आटोक्यात असली, तर हापूसची एक फोड, आमरस नव्हे, तीही बुधवारी संध्याकाळी, म्हणजे दुसऱ्या दिवशी मशीन आहे. गुरुवारी रात्री नको, पुढे थेट सोमवारीच मशीन असतं. त्या दिवशी दुसरं फळ नाही. बाठा चोखायला मागतील. देऊ नका, बाठ्याला फोडीपेक्षा जास्त आंबा असतो.